दमयंतीचा तीळ आणि नळाची विद्या

ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलणाऱ्या माणसाला एक मोठी सवलत असते. त्याचें तोंड कोणाला दिसत नाहीं. मी काळा आहें कीं गोरा, ठेंगणा आहें कीं उंच, माझे दांत शाबूत आहेत कीं तोंडांत कवळी आहे, याची चौकशी न करतां आपण माझें म्हणणें ऐकून घेणार आहां. म्हणणें फोल वाटलें तर आपण रेडिओ बंद कराल आणि तें योग्यच होईल. परंतु माझें नाक बसकें आहे म्हणून कोणी बंद करणार नाहीं. कथाकादंबऱ्यांतील पात्रांना, आणि त्यांतही स्त्रीपात्रांना, ही सवलत क्वचितच मिळते. त्याविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रारंभीं माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं सातवीच्या मुलामुलींकडून नळदमयंतीचें नाटक बसविण्याचें काम माझ्याकडे आलें. संवादही मीच लिहिले. वर्गांत एक मुलगी अशी होती कीं तिचें प्रत्येक अक्षर मागच्या बाकापर्यंत स्वच्छ पोंचे, आणि एकदां वाचलेलें तिला पाठ होई. ती रंगानें काळी होती व तिचे दांत किंचित् पुढें होते. दमयंतीचें काम मीं दुसऱ्या एका गोऱ्या, नाकेल्या मुलीला दिलें. त्या बिचारीला चार वाक्यें सलग पाठ होत नव्हतीं. पहिल्या मुलीला मीं हंस केलें. पुठ्ठ्याची चोंच आणि पांढऱ्या कागदाचे पंख असा तिचा वेष ठरला. दमयंती अडखळली कीं मागून हळूच वाक्य सांगण्याचें कामही मीं तिच्याकडेच सोंपविलें. तालमीच्या दुसऱ्या दिवशीं तिनें मला विचारलें, "गुरुजी, हंसाचें तोंड शेवटपर्यंत झांकलेलेंच असतें ना?" मी होय म्हणालों, आणि चोंच टोंचते काय, असेंही वर विचारलें. ती नाहीं म्हणाली आणि आपल्या जागीं जाऊन उभी राहिली. नाटक उत्तम झालें. पाहुण्यांनीं दमयंतीच्या रूपाची तारीफ केली. तो प्रश्न काय होता, हें मला पुष्कळ दिवसांनीं कळलें.

दमयंती गोरीच असली पाहिजे, असें मला कोणीही सांगितलेलें नव्हतें. मुख्याध्यापकांचा तसा हुकूम नव्हता, पालकांची तशी तक्रार नव्हती. तें मीं आपल्या मनानेंच ठरविलें; किंबहुना ठरविलें असेंही म्हणतां येत नाहीं, कारण ठरविण्यासारखें तेथें कांहीं आहे, हेंच माझ्या ध्यानांत आलें नाहीं. लहानपणापासून वाचलेल्या शेंकडों गोष्टींनीं तें काम माझ्यासाठीं आधींच करून ठेवलें होतें. मग मीं मूळ आख्यान पुन्हां काढून वाचलें, आणि त्यांत जें आढळलें त्यानें मी अधिकच विचारांत पडलों.

महाभारताच्या वनपर्वांत बृहदश्व ऋषि युधिष्ठिराला ही कथा सांगतात. स्वयंवराचा प्रसंग आपणांस ठाऊकच आहे. इंद्र, अग्नि, वरुण आणि यम हे चौघे देव नळाचें रूप घेऊन मंडपांत बसतात. दमयंतीसमोर एकाच तोंडावळ्याचे पांच पुरुष. रूपावरून वर निवडावयाचा तर तिनें करावें काय? तेव्हां ती बारकाईनें पाहूं लागते. चौघांच्या अंगाला घाम नाहीं, पापण्या लवत नाहींत, गळ्यांतील माळा कोमेजत नाहींत, पाय भुईला टेंकत नाहींत. पांचव्याच्या अंगावर धूळ आहे, कपाळावर घाम आहे, त्याची सांवली जमिनीवर पडली आहे. त्या घामेजलेल्या माणसाच्या गळ्यांत ती माळ घालते. सौंदर्य पांचांचें सारखें असतांना निवड सौंदर्यानें होऊंच शकत नाहीं, ही गोष्ट त्या प्राचीन कवीला किती नेमकी उमगली होती!

पुढें द्यूतांत राज्य जातें, वनांत दोघांची ताटातूट होते. कर्कोटक नाग नळाला दंश करतो आणि त्याचें रूप पार पालटतें. आंखूड हातांचा, बेढब असा तो बाहुक हें नांव धारण करून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्याची चाकरी धरतो. येथें कवीनें नायकाचें रूप सर्वस्वीं काढून घेतलें. तरीही नायक नायकच राहतो. कारण त्याची अश्वविद्या त्याच्याजवळ आहे, पाककला त्याच्याजवळ आहे. तो विदर्भांत येतो तेव्हां दमयंती रथाच्या घरघराटावरूनच चमकते. ती केशिनी नांवाच्या दासीला पाळतीवर ठेवते, बाहुकानें शिजविलेलें अन्न मागवून चाखून पाहते, आणि त्या चवीवरून तिची खात्री पटते. शेवटीं ती आपलीं मुलें त्याच्याकडे पाठविते. त्यांना पोटाशीं धरून तो रडतो. त्याचें मूळ रूप परत येतें तें या सर्वांनंतर. म्हणजे ओळख आधीं पटली, रूप मागाहून आलें.

आतां दुसरी बाजू पाहा. तीच कथा, तोच कवि. दमयंतीही हालअपेष्टा सोसते. अर्ध्या वस्त्रानिशीं, धुळीनें माखलेली, वेडीसारखी दिसणारी ती चेदि राजाच्या नगरींत येऊन पोंचते. राजमाता तिला गच्चीवरून पाहते आणि त्या मळलेल्या अंगांतूनही तिचें रूप राजमातेला दिसतें. तिला राजकन्या सुनंदेची सैरंध्री म्हणून आश्रय मिळतो. पुढें सुदेव नांवाचा ब्राह्मण तिचा शोध घेत तेथें येतो. तो तिला कशावरून ओळखतो? तिच्या दोन भुंवयांच्या मध्यें जन्मतःच असलेल्या तिळावरून. धुळीनें झांकलेली ती खूण सुनंदा धुवून काढते आणि सर्वांची खात्री पटते.

श्रोते हो, नळ ओळखला गेला तो त्याच्या हातच्या चवीवरून व रथ हांकण्याच्या कसबावरून. दमयंती ओळखली गेली ती कपाळावरच्या तिळावरून. वस्तुतः दमयंतीची बुद्धि नळाहून कांकणभर सरसच आहे. पांच सारख्या पुरुषांतून एकाची पारख करणारी ती, बाहुकाच्या सोंगांतून नवरा हुडकून काढणारी ती. पण तिला हुडकून काढतांना कोणीही तिच्या बुद्धीची खूण शोधली नाहीं. आणि दमयंतीला कुरूप करून पाहण्याचें धाडस तर कवीलाही झालें नाहीं. तसें झालें असतें तर नळानें तिला कशावरून ओळखलें असतें, या प्रश्नाला आख्यानांत उत्तर नाहीं, कारण तो प्रश्नच विचारलेला नाहीं.

माझ्या चुकीपुरतें सांगावयाचें तर आणखी एक गोष्ट त्याच आख्यानांत मला सांपडली. दमयंतीच्या वर्णनांत एके ठिकाणीं 'श्यामा' हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ तरुणी असाही करतात आणि सांवळी असाही. तो वाद पंडितांचा. परंतु द्रौपदीविषयीं तर वादच नाहीं; तिच्या वर्णावरूनच तिचें नांव कृष्णा, आणि तिच्याएवढी रूपवती त्या महाभारतांत दुसरी नाहीं. पंढरीच्या विठोबाला सांवळा म्हणतांना आपला कंठ दाटून येतो. मग काळ्या मुलीला दमयंती न देण्याचा नियम मीं आणला कोठून? व्यासांपासून तर खास नव्हे.

एका आख्यानावरून एवढा मोठा सिद्धान्त काढूं नये, असें कोणी म्हणेल. म्हणून आणखी दोनचार पात्रें नजरेखालून घालूं. अष्टावक्राचें शरीर आठ ठिकाणीं वांकडें. तो जनकाच्या सभेंत जातो, बंदीला वादांत जिंकतो आणि आपल्या पित्याची सुटका करतो. पुढें समंगा नदींत स्नान केल्यावर त्याचें अंग सरळ झालें हें खरें. परंतु तोपर्यंत त्याची कीर्ति होऊन गेली होती, आणि आजही आपण त्याला त्या वांकड्या अंगाच्या नांवानेंच आदरानें ओळखतों. याच्या शेजारीं भागवतांतील मथुरेची कुब्जा उभी करा. श्रीकृष्ण तिला सरळ करतो तेव्हांच तिच्या कथेला आरंभ होतो. तिचें स्वतःचें नांवसुद्धां लोकांच्या तोंडीं नाहीं. रामायणांतील मंथरा कुबडी, म्हणून कारस्थानी. शूर्पणखा रामासमोर येते तेव्हां वाल्मीकि दोघांची तुलना मांडतात, ती आरंभींच मुखाची, पोटाची, डोळ्यांची, केंसांची. तिचा अपराध पुढें घडावयाचा असतो, पण तिचा निकाल तिच्या पोटाच्या घेरावरून आधींच लागलेला असतो.

कुरूप पुरुषाला कथेंत तीन घरें मोकळीं असतात. तो विद्वान् होऊं शकतो, शूर होऊं शकतो, निदान विदूषक होऊन राजाचा मित्र तरी होऊं शकतो. कुरूप स्त्रीला दोनच दारें उघडीं. एक दासीचें, दुसरें राक्षसीचें.

याचा अर्थ पुरुषपात्रांना या रूढीचा जाच नाहीं, असा मात्र नव्हे. नायक उंच हवा, छाती रुंद हवी, आवाज भारदस्त हवा. माझ्या त्याच नाटकांत नळाचें काम मीं वर्गांतल्या सर्वांत उंच मुलाला दिलें होतें, आणि एका किरकोळ, नाजूक आवाजाच्या मुलाला दमयंतीच्या सखींत उभें केलें होतें. त्याला त्या वर्षीं मुलांनीं काय काय म्हणून चिडविलें असेल, याचा हिशेब मीं ठेवला नाहीं. तरी भेद राहतोच. देवलांच्या 'शारदा' नाटकांत, जें १८९९ सालीं रंगभूमीवर आलें, भुजंगनाथाच्या म्हातारपणाची यथेच्छ थट्टा आहे. पण ती कां आहे? पैशाच्या बळावर कोंवळ्या मुलीशीं लग्न करूं पाहणारा तो लोभी आहे म्हणून. त्याच्या शरीराला हसतांना प्रेक्षक त्याच्या कृत्याला हसतात. पुरुषाचें कृत्य आधीं, आणि मग त्याचें रूप; स्त्रीचें रूप आधीं, आणि वेळ उरला तर तिचें कृत्य.

रंगभूमीचा विषय निघालाच आहे तर एक नवल सांगतों. आपल्या आजीपणजीच्या काळीं महाराष्ट्रांत स्त्रीसौंदर्याचा आदर्श कोणी घालून दिला? नारायणराव राजहंस यांनीं, म्हणजे बालगंधर्वांनीं. १९११ सालच्या 'मानापमाना'तील भामिनी, १९१६ सालच्या 'स्वयंवरां'तील रुक्मिणी, १९१९ सालच्या 'एकच प्याला'मधील सिंधु, या सर्व भूमिका एका पुरुषानें केल्या, आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याचें, वेणीफणीचें, दागिन्यांचें अनुकरण करूं लागल्या. त्या थोर कलावंताविषयीं माझ्या मनांत आदरच आहे. परंतु त्यापासून एक बोध घेण्यासारखा आहे. ज्याला आपण स्त्रीचें नैसर्गिक लावण्य म्हणतों तें एका पुरुषाला अभ्यासानें, वेषानें आणि चालण्याबोलण्याच्या तालमीनें हुबेहूब उभें करतां येत असेल, तर तें निसर्गापेक्षां नेपथ्याचेंच अधिक असलें पाहिजे. आणि त्याच सुमारास कुलीन घरांतील स्त्रीला मात्र त्या रंगमंचावर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. आदर्श तिचा, अंगावर वागविणारा दुसराच.

मग या चाकोरीबाहेर कोणी गेलेंच नाहीं काय? गेले, आणि त्यांचा मार्ग पाहण्यासारखा आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० नंतर 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊं लागली. तींत यमू आपली कहाणी आपणच सांगते. म्हणून तिला बाहेरून न्याहाळणारा डोळाच तेथें उरत नाहीं. तिच्या डोळ्यांनीं आपण सासरमाहेर पाहतों, केशवपनाची भीति पाहतों. तिचे डोळे कसे होते हें विचारावयाचें आपल्याला सुचतही नाहीं. इंग्लंडांत १८४७ सालीं शार्लट ब्राँटी या लेखिकेनें 'जेन आयर' लिहिली, तेंही नायिकेच्याच तोंडून. नायिका रूपवती असल्यावांचून वाचकांचें मन वेधत नाहीं हें म्हणणें तिला मान्य नव्हतें, म्हणून तिनें मुद्दाम आपल्यासारखीच लहानखुरी, साधी मुलगी नायिका केली. पावणेदोनशें वर्षें लोटलीं तरी ती कादंबरी वाचली जाते आहे.

आणि आपली 'श्यामची आई'? साने गुरुजींचें हें पुस्तक १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. मीं तें कितीतरी वर्गांना वाचून दाखविलें. श्यामच्या आईचें नाक सरळ होतें कीं अपरें, हें मला एकाही मुलानें कधीं विचारलें नाहीं. परंतु अंघोळीनंतर तळव्यांना माती लागूं नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठीं तिनें धोंडीवर पसरलेले ओचे प्रत्येक मुलाच्या डोळ्यांसमोर उभे राहत. हें पाहून मला आनंद होई. पण पुढें एक शंकाही आली. चेहऱ्यावांचून लक्षांत राहण्याचा हा मान आपण आईला देतों, आजीला देतों. स्त्री आई झाली कीं रूपाची अट सुटते. परंतु अठरा वर्षांच्या मुलीला, जिचें लग्न व्हावयाचें आहे, जिला गोष्टीची नायिका व्हावयाचें आहे, तिला ती अट कोणीही माफ करीत नाहीं. जेथें अट लावावयाची नाहीं तेथें न लावणें यांत मोठें औदार्य नाहीं.

यावर माझे एक स्नेही म्हणाले, "गुरुजी, मग काय साहित्यांतून सौंदर्य हद्दपार करावयाचें? लेखकानें नायिकेला मुद्दाम कुरूप करावयाचें?" छे! तसें माझें म्हणणें मुळींच नाहीं. चंद्राचें वर्णन करावें, समुद्राचें करावें, तसें माणसाच्या मुखाचेंही करावें. माझी हरकत सौंदर्याला नाहीं. त्या सौंदर्याकडून जी कामें करवून घेतलीं जातात त्यांना आहे. गोरा रंग म्हणजे सद्गुणांचा दाखला नव्हे. कुबड म्हणजे दुष्टपणाचा पुरावा नव्हे. आणि सुंदर मुख हें कथेंत प्रवेश मिळविण्याचें तिकीट असूं नये. नायकाला जसें रूप असलें तर बरें, नसलें तरी चालतें, तेवढीच सूट नायिकेला मिळावी, एवढेंच मागणें आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला असता तर मीं आपला वेळ घेतला नसता. परंतु गोष्टींत जें रुजतें तें घरांत उगवतें. वधूवरसूचक मजकूर उघडून पाहा. मुलाच्या बाजूला शिक्षण आणि मिळकत, मुलीच्या बाजूला रंग आणि बांधा. मुलगी डॉक्टर असली तरी 'गोरी' हा शब्द तिची पाठ सोडीत नाहीं. चेहरा उजळविण्याचें एक नामांकित मलम १९७५ सालापासून आपल्या बाजारांत आहे. लोकांची टीका वाढली तेव्हां २०२० सालीं त्याच्या नांवांतील गोरेपणाचा शब्द वगळण्यांत आला. नांव बदललें, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु मलम विकत घेणाऱ्या मुलीच्या मनांतील शब्द कोणी बदलावयाचा? तें काम दुकानदाराचें नव्हे, तें आपलें आहे. आजच्या मुलामुलींच्या हातांत मोबाइल आहे, आणि त्यांत स्वतःचें छायाचित्र गुळगुळीत व उजळ करून देण्याची सोयही आहे. तेरा वर्षांची नात आपलें खरें तोंड पुसून दुसरेंच तोंड मैत्रिणींना पाठविते. पूर्वीं आम्ही पुठ्ठ्याची चोंच लावीत होतों, आतां ती आपली आपणच लावून घेते.

म्हणून घरोघरच्या आजीआजोबांना आणि आईबापांना एक विनंती करतों. रात्रीं मुलांना गोष्ट सांगतांना 'एक होती राजकन्या, ती फार सुंदर होती,' असा आरंभ करण्याची आपल्याला संवय आहे. एकदां तेथें थांबून पाहा. 'एक होती राजकन्या, तिला घोड्याची नाडी कळे,' असें म्हणा. किंवा 'तिला कोणतेंही कोडें सोडवितां येई,' असें म्हणा. मूल विचारील, "ती दिसायला कशी होती?" तेव्हां उत्तर देऊं नका, "तुला कशी वाटते?" असें उलट विचारा. मग जी मुलगी ऐकत असेल ती बहुधा त्या राजकन्येला आपलेंच तोंड देईल. शिक्षकांनाही सांगतों. 'माझी मैत्रीण' या विषयावर निबंध लिहावयास द्याल तेव्हां रंग, नाक, डोळे यांतला एकही शब्द न वापरण्याची अट घाला. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मीं ती घालून पाहिली. पहिलीं दहा मिनिटें मुलें नुसतीं लेखण्या चावीत बसलीं. आणि नंतर जें लिहूं लागलीं तें वाचून कोणती मैत्रीण कोणाची, हें मला नांव न पाहतां ओळखतां आलें.

त्या हंस झालेल्या मुलीविषयीं आपण विचाराल. ती शाळा सोडून गेली, पुढें तिची माझी भेट झाली नाहीं. ती आज पन्नाशींत असेल. कदाचित् कोठें शिकवीत असेल, कदाचित् आपल्या नातवंडांना नळदमयंतीची गोष्ट सांगत असेल. ती हें भाषण ऐकत असेल, अशी आशा धरण्याचा मला कांहींच अधिकार नाहीं. परंतु ऐकत असेल तर तिला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बाई, तुझ्या प्रश्नाचें मीं त्या दिवशीं दिलेलें उत्तर चुकीचें होतें. त्या नाटकांत दमयंतीचें काम तुझें होतें. तें मीं तुला द्यावयास हवें होतें.